ती दिसते, मी दिसत नाही

पतंगे टेलरनं कापडावर खुणा करायचा निळा खडू उचलला, कटिंगच्या टेबलावरचं कापड बाजूला सारलं आणि उघड्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘ती दिसते. मी दिसत नाही.’ मग तोच खडू त्या अक्षरांवर दोनदा आपटला. खडूचे तीन तुकडे झाले.

मी माझा मोबाइल त्यांच्यापुढं धरला. स्क्रीनवर नेटच्या वेगाचा आकडा होता, चाळीस.

"बघा की, चाळीस येतंय. तुमचा प्लॅन चाळीसचाच आहे. कमी कुठं आहे?"

"त्यांना आकडा दावू नका," शेजारच्या पिको-फॉलच्या मशीनवरून इंदूवहिनी म्हणाल्या. "मागच्या दोन्ही टायमाला तुमी त्यो आकडाच दावला आन गेलासा."

पतंगे आमच्या ओठांकडं बघत होते. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. तासगावच्या जुन्या पेठेतल्या त्या बोळात सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणजे एकमेकांशी बोलताना म्हणत. इंदूवहिनींचं मशीन अठरा वर्षं त्यांच्या दुकानात एका कोपऱ्यात होतं. शेजारी बसून बसून त्या अण्णांची भाषा शिकल्या होत्या आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं काम त्यांच्याकडंच होतं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. तेव्हा मी सांगलीच्या एका केबलवाल्याकडं नोकरीला होतो. त्यानं केबलबरोबर इंटरनेटही विकायला घेतलं होतं आणि तासगावच्या तक्रारी माझ्याकडं होत्या. ऑफिसच्या भिंतीवर एक बोर्ड होता. महिन्यात सगळ्यांत जास्त तक्रारी मिटवणाऱ्याचं नाव त्यावर सगळ्यांत वर, शेजारी फोटो. सलग पाच महिने तिथं माझा फोटो होता. आईनं त्या बोर्डाचा फोटो काढून आणायला लावला होता आणि तो सगळ्या पाहुण्यांना दाखवून झाला होता, तेव्हा मी किती हवेत असेन ते समजून घ्या.

तक्रार मिटवायची आमची पद्धत सोपी होती. काम झालं की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चार आकड्यांचा कोड येतो. गिऱ्हाइकानं तो सांगायचा, आम्ही आमच्याकडं टाकायचा, की तक्रार बंद. मग दोन तासांनी ऑफिसातून फोन जातो, तुमचं समाधान झालं का म्हणून. तीनदा फोन उचलला नाही, तर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं लिहून तो विषय कायमचा मिटतो.

पहिल्या खेपेला पतंग्यांचा मोबाइल तपासायला म्हणून माझ्याच हातात होता. कोड आला तो मीच वाचला आणि मीच टाकला. नंतर ऑफिसातून त्यांना तीनदा फोन गेला. तो तिन्ही वेळा त्यांच्यापुढ्यात टेबलावर वाजला असणार. थरथरला म्हणून त्यांनी उचलून नंबर बघितलाही असेल, पण कानाला लावून करणार काय? ग्राहक उपलब्ध नाही.

दुसऱ्या खेपेला मी जरा जास्त कष्ट घेतले. राउटर नवा बसवला. मग त्यांच्या मोबाइलवरून माझ्या मोबाइलला व्हिडिओ कॉल लावला. एका हातात त्यांचा, एका हातात माझा. दोन्ही पडद्यांवर मीच, आणि दोन्हीकडं अगदी स्वच्छ. मी स्वतःला हात हलवून दाखवला. अण्णा मान हलवत होते, नाही नाही म्हणत होते, पण एवढं स्वच्छ चित्र दिसत असताना माणूस नाही का म्हणतो ते काही मला कळेना. ‘मी दिसत नाही’ म्हणतात म्हणून मी त्यांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच रुमालानं पुसून दिली. कोड टाकला, निघालो.

आणि आता ही तिसरी खेप. एकाच घराची तिसरी तक्रार आली की बोर्डावरचं नाव थेट तळाला जातं, असा आमच्या साहेबांचा नियम. म्हणून मी तापलेलाच आलो होतो.

"वहिनी, खरं सांगतो, नेटमध्ये काय दोष नाही. राउटर आतल्या खोलीत आहे, मध्ये दोन भिंती आहेत, तरी इथं चाळीस मिळतंय. अण्णांना म्हणावं, आत राउटरजवळ जाऊन बोला."

वहिनींनी हात फिरवले. अण्णांनी उत्तर दिलं आणि बोटानं वरच्या खिडकीकडं दाखवलं.

"आत उजेड न्हाई म्हंत्यात. हात दिसाय पायजेत का न्हाई? तुमी अंधारात बोलू शकता, त्यास्नी कसं जमंल?" वहिनी म्हणाल्या. "आन पाय बघा की त्यांचा. सारखी ऊठबस हुतीय व्हय?"

अण्णांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तीन आठवड्यांपूर्वी मोटरसायकलवाल्यानं धडक दिली होती. त्याआधी ते रोज दुपारी चौकात जात, तिथल्या कट्ट्यावर बसून मोबाइलच्या नेटवरून मुलीशी बोलत. त्या बोळात मोबाइलला जेमतेम एक काडी येई. पाय मोडला आणि चौकात जाणं बंद झालं, म्हणून त्यांनी आमचं कनेक्शन घेतलं होतं. बाकी घरात ना टीव्ही, ना दुसरं कुणी. बायको जाऊन चार वर्षं झालेली. ते कनेक्शन फक्त त्या एका मुलीसाठी होतं.

मुलीचं नाव मृणाल. तिलाही ऐकू येत नव्हतं. पाच महिन्यांपूर्वी तिचं लग्न होऊन ती सिन्नरला गेली होती. सासरच्या सगळ्यांना ऐकू येत होतं, बोलता येत होतं. दुपारी सासू जेवून आडवी झाली की सासूच्याच मोबाइलवरून मृणाल एक वाजता अण्णांना व्हिडिओ कॉल करायची. हे सगळं मला वहिनींनी तेव्हा सांगितलं, एका साडीला फॉल लावता लावता.

"मग एवढं काय अडलंय?" मी विचारलं. "दोन दिवस चित्र नीट दिसलं नाही, तर मेसेज करावा. पोरगी शिकलेली आहे ना?"

"धाव्वी पास हाय. पण मोबाईल सासूचा. लिवलं की सगळं घर वाचतंय. हातानं बोललेलं त्यांच्यात कुणालाच कळत न्हाई, तेवढंच तिचं सोताचं हाय." वहिनींनी मशीन थांबवलं. "तिनं अण्णास्नी एक इचारलंय. अकरा दिस झालं. फोन आलं ते नऊ दिस अण्णा रोज सांगत्यात, पण तिला काय पोचतच न्हाई. एकदा कागदावर लिवून कॅमेऱ्याम्होरं धरलं, ते बी न्हाई पोचलं. तिचं ह्यास्नी सगळं दिसतंय, ह्यांचं तिला काय बी न्हाई."

"काय विचारलंय?"

"बापलेकीचं बोलणं हाय. तुमाला कशाला सांगू?"

ते बरोबरच होतं.

"परवापास्नं तिचा फोन बी न्हाई," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, जणू अण्णांना ऐकू गेलं असतं. "आज एक वाजता आला तर आला."

मी घड्याळ बघितलं. पावणेएक वाजले होते. मला पुढं वासुंब्यात दोन तक्रारी होत्या. पण मी म्हटलं, थांबतो. एकदा तो कॉल माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे, म्हणजे दोष नेटचा नाही हे यांना दाखवता येईल. मोठ्या कनवाळूपणानं थांबलो असं कुणाला वाटत असेल तर तसं नव्हतं. मला तिसरा कोड घेऊन जायचा होता.

एक वाजला. अण्णांनी मोबाइल टेबलावर पुढ्यात ठेवला आणि त्याच्यावरची नजर काढली नाही. एक वाजून दहा मिनिटं झाली. एक बाई ब्लाउज मागायला आली, तर वहिनींनी तिला संध्याकाळी ये म्हणून परत पाठवलं. सव्वा वाजला. अण्णांनी शर्टाची वरची गुंडी लावली, मग काढली, मग परत लावली. मला अवघडल्यासारखं झालं. आपण इथं निकाल लागायच्या आधी परीक्षकाशेजारी बसलोय, असं काहीसं वाटायला लागलं.

एक वाजून वीस मिनिटांनी मोबाइल थरथरला.

अण्णांचा हात जायच्या आत मी तो उचलला. घाई मलाच होती. पडद्यावर एक मुलगी दिसली. बावीस-तेवीस वर्षांची, डोक्यावरून पदर, मागं निळी भिंत. बापाच्या जागी परका माणूस बघून ती दचकली. मी हात हलवला. तिनं गोंधळून लगेच हात हलवला.

"बघा!" मी वहिनींना म्हणालो. "मी हात हलवला, तिनं हलवला. दिसतोय की मी तिला!"

अण्णांनी मोबाइल माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला आणि टेबलावर उभा केला. दोन्ही हात मोकळे पाहिजेत, त्याशिवाय बोलणार कसं? मग त्यांनी दोन्ही हातांनी प्लास्टरचा पाय उचलून स्टुलावर नीट ठेवला, हात मांडीवर ठेवून क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि बोलायला लागले.

मी त्यांना असं सलग बोलताना प्रथमच बघत होतो. दोन खेपा घातल्या, राउटर बदलला, काच पुसली, पण ज्याची तक्रार आहे त्या माणसाला ती गोष्ट वापरताना मी एकदाही बघितलं नव्हतं. अण्णांचे हात भराभर चालत होते. भुवया, गाल, खांदे, सगळं बोलत होतं. आमच्या आळीत एवढा बडबड्या माणूस दुसरा नसेल.

मग मी मुलीकडं बघितलं. चित्र तर अगदी स्वच्छ होतं, तिच्या कपाळावरची टिकली दिसत होती. पण काहीतरी चुकत होतं आणि ते काय हे कळायला मला थोडा वेळ लागला. तिचे डोळे हलत नव्हते. कुणी हात चालवत असेल तर बघणाऱ्याची नजर त्या हातांबरोबर फिरते, माझीही फिरत होती. तिची एकाच जागी होती. भिंतीवरच्या फोटोकडं बघावं तशी ती बापाकडं बघत होती.

अण्णा थांबले. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग तिनं हात वर केले आणि सावकाश चार-पाच खुणा केल्या. वहिनींच्या तोंडून "अगं बाई" एवढंच बाहेर पडलं. अण्णा जोरजोरात नाही नाही करू लागले. ती तशीच बघत राहिली. मग डोळे पुसून तिनं एक बोट पडद्याकडं आणलं.

ती कॉल बंद करणार हे मला कळलं आणि मी काही विचार न करता मोबाइल उचलला. उचलताच तिचे डोळे हलले. तिचं बोट थांबलं. मी मोबाइल हातात धरून अण्णांकडं वळवला, तर तिची नजर त्यांच्या हातांमागं धावायला लागली. सुटकेचा श्वास टाकून मी तो परत जागेवर ठेवला. चार-पाच सेकंद गेले आणि नजर पुन्हा थिजली.

हातात धरला की दिसतंय आणि टेबलावर ठेवला की नाही! मी मोबाइलच्या मागं बघितलं.

मागं इस्त्री होती. जुनी, कोळशाची, पाच-सहा किलोंची. आता तिच्यात कोळसे कुणी भरत नव्हतं, कापड दाबून ठेवायला वापरायचे. अण्णा रोज मोबाइल उभा करायचे तो त्या इस्त्रीला टेकवून. राउटरचा जोर मोठा असतो, त्याचं मोबाइलला मिळतं. मोबाइलचा जीव लहान. त्याचं राउटरपर्यंत पोचायचं, तेही दोन भिंतींपलीकडं, तर त्याची पाठ मोकळी लागते. इथं पाठीला अख्खं लोखंड चिकटवलेलं. मुलीचं सगळं अण्णांना मिळत होतं आणि अण्णांचं इस्त्रीपाशी अडत होतं. मी दर खेपेला मोबाइल हातात धरून तपासला होता. हात ज्यांना बोलायला लागत नाहीत, त्यांनाच ते जमतं.

आता मी कुठंही तक्रार बघायला गेलो की आधी काही तपासत नाही. गिऱ्हाइकाला म्हणतो, तुम्ही रोज जसं वापरता तसं वापरून दाखवा. मी नुसता बघतो.

मी इस्त्री उचलून खाली ठेवली. टेबलावर ब्लाउजपिसांचा एक गठ्ठा होता, तो ओढला आणि मोबाइल त्याला टेकवला. "बोला," मी अण्णांना म्हणालो, आणि त्यांना ऐकू येत नाही हे आठवून दोन्ही हात हवेत हलवले.

अण्णा बोलले. मृणालची नजर फिरू लागली. डावीकडं, उजवीकडं, वर, त्यांच्या चेहऱ्यावर. मी मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजले, चित्र अडकलं नाही. माझं काम झालं होतं.

पण तिकडं काहीतरी बिनसलं होतं. अण्णा एकच खूण पुन्हा पुन्हा करत होते, तळवा स्वतःकडं ओढून घेत होते. आणि ती मान हलवत होती. हसत होती, पण ते हसू काही खरं नव्हतं. तिनं थोडक्यात काहीतरी सांगितलं आणि पदर नीट केला. घरी आलेल्या पाहुण्याला निरोप देताना बायका करतात तसा.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला होता. या वेळी त्यांनी कशाला सांगू म्हटलं नाही.

"म्हंती, आता ऱ्हाऊ द्या अण्णा. मी आपलं जमवून घेतलंय. आता रोज फोन करत न्हाई, तुमास्नी उगं तरास."

"पण विचारलं काय होतं तिनं?"

"कायमची परत आले तर घरात घ्याल का, असं."

मी वळून पडद्याकडं बघितलं.

"मानसं वाईट न्हाईत वो ती," वहिनी म्हणाल्या. "खायाप्यायला देत्यात, मारहाण न्हाई. नवरा ट्रकवर, म्हैन्यातनं चार दिस घरात. पण पाच म्हैन्यात एकानं एक खूण शिकली न्हाई. कायबी पायजे असलं की खांद्याला ढोसत्यात. आन पाव्हणं आलं की सासू म्हंती, हात पदराखाली घे. लोकांत हातवारे बरं दिसत न्हाईत म्हनं. आता तुमीच सांगा, तुमाला कुणी पाच म्हैने तोंडावर हात धरून बसीवलं तर?"

"मग अण्णा ये म्हणतायत ना?"

"नऊ दिस म्हणत्यात! पण तिला काय दिसलं ठावं हाय का?" वहिनींनी आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडं सरळ बघितलं. "हे. रोज एवढंच. पाय उचलून ठेवल्यावर अण्णा बसत्यात तसं. तेवढं एक चित्र जायाचं आन थांबायचं. आवो, ह्यांच्यात समोरचा बोलत असताना हात मांडीवर ठेवून बसनं म्हंजे तोंड फिरवनं. माझं तुझं बोलनं संपलं, असं. तिनं बापाला इचारलं, मी येऊ का, आन रोज तिला बाप असा बसलेला दिसला. नेटमुळं म्हणावं, तर तुमच्या कंपनीनं दोनदा मेसेज पाठवला, तक्रार मिटली म्हणून. अण्णांनीच कौतुकानं तिला पाठीवलं हुतं ते दोन्ही, आता नेट नीट झालं म्हणून."

ते दोन्ही मेसेज माझ्या कोडचे होते.

मला तिथून उठून जावंसं वाटलं. वासुंब्याच्या तक्रारी आठवल्या. बोर्डावरचा माझा हसरा फोटो आठवला. पडद्यावर बापलेकीचं चाललंच होतं. अण्णा इस्त्री उचलून कॅमेऱ्यासमोर धरत होते, मोबाइलमागं ठेवायची खूण करत होते, नाही नाही करत होते. तिचा विश्वास बसत नव्हता. बाप आता आपली समजूत घालतोय, आधी नको म्हणाला आणि आता लेकीचे डोळे बघून कळवळला, असंच तिला वाटत असणार. मलाही तिच्या जागी तेच वाटलं असतं.

अण्णांनी एकदम माझं मनगट धरलं आणि मला कॅमेऱ्यापुढं ओढलं. माझ्याकडं बोट केलं, तिच्याकडं बोट केलं. सांग हिला, असं.

"अण्णा, मी कसं सांगू? मला येत नाही तुमचं," मी म्हणालो. वहिनींनी माझ्या खांद्याला धक्का दिला.

"मी सांगितलं तर ती म्हनंल, काकू बापाच्या बाजूनं बोलती. तुजी चूक हाय, तूच सांग!"

आतापर्यंत मी त्यांचा तुम्ही होतो. तू झालो तेव्हा मला जरा धीर आला. मी खाली बसलो, चेहरा नीट चौकटीत आणला. मृणाल माझ्याकडं बघत होती. मी माझ्या छातीवर बोट ठेवलं. मग इस्त्रीकडं बोट केलं, मोबाइलमागं तळवा आडवा धरला. तिला काही कळल्यासारखं दिसेना. पाच महिने बोर्डावर फोटो असलेला माणूस मी, आणि मला एक साधी गोष्ट एका मुलीला सांगता येईना. शेवटी मला एकच सुचलं. मी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. शाळेत धरायचो तसे. आणि कान धरूनच उठून उभा राहिलो, खाली बसलो, पुन्हा उठलो. चार उठाबशा झाल्या तेव्हा दारातून एक गिऱ्हाईक आत बघत होतं, पण मी थांबलो नाही. माझे डोळे भरून आले होते आणि त्याची मला लाज वाटत नव्हती.

सहाव्या उठाबशीला मृणालनं हात वर करून मला थांबवलं. तिनं इस्त्रीकडं बोट केलं आणि मग माझ्याकडं. मी जोरात मान हलवली. हो, मी. तिनं बोटं वर केली, नऊ, आणि बापाकडं बघितलं. अण्णांनी नऊ बोटं वर केली आणि एकेक बोट मिटत प्रत्येकाबरोबर तीच खूण केली, तळवा स्वतःकडं ओढायची. पहिल्या दिवशी ये, दुसऱ्या दिवशी ये, तिसऱ्या दिवशी ये.

ती रडली. तोंडावर हात न ठेवता रडली, कारण हात तिला लागणार होते. मग तिनं गाल पुसले, एकवार मागं वळून दाराकडं बघितलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्या वेळी मला वहिनींची गरज पडली नाही. तिनं स्वतःच्या छातीला हात लावला, दूर कुठूनतरी बोटं चालवत जवळ आणली, दोन्ही हातांचं छप्पर केलं आणि भुवया उंचावून वाट बघत राहिली. मी तिच्या डोळ्यांकडं बघत होतो, ते हलतायत ना म्हणून.

अण्णांनी सांगितलं, ये. डोळे हलले.

मृणाल हसली नाही. तिनं आणखी काहीतरी विचारलं, चेहरा बारीक करून. वहिनी म्हणाल्या, "इचारती, पेठेतली लोकं काय म्हंतील? पाच म्हैन्यात माघारी आली म्हणून बोलतील की."

अण्णांनी डोळे मिचकावले. मग चारी बोटं अंगठ्यावर आपटत हातानं एक बडबडणारं तोंड केलं, ते उजवीकडं बडबडवलं, डावीकडं बडबडवलं, सगळी पेठ बोलायला लावली. नंतर एक बोट आपल्या कानाला लावलं आणि मोठ्या दिमाखात मान हलवली.

वहिनी हसता हसता रडायला लागल्या. "म्हंत्यात, बोलू देत की! आपल्याला कुटं ऐकू येतंय?"

पडद्यावर मृणालनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि ती मोठ्यांदा, आवाज करून हसली. तो आवाज त्या दुकानात फक्त मी आणि वहिनींनी ऐकला.